ट्रेबलचं बटण

माझा मोठा भाऊ लाऊडस्पीकरवाला होता. आवाज फाटू नये म्हणून लोक त्याला बोलवायचे. त्याच्यासमोर मी एका रविवारी गिटार घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, मला आवाज फाडून हवाय."

तो जमिनीवर मांडी घालून उघड्या मशीनसमोर बसला होता. अ‍ॅम्प्लिफायरला तो मशीनच म्हणायचा. त्याने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय हवंय?"

"फाडून. सगळा नाही रे, कडेकडेने. तार हळू छेडली तर स्वच्छ, आणि जोरात छेडली तर जरा फाटेल, असा."

"ह्याच्यासाठी मला लोक शिव्या घालतात. तू स्वतःहून मागतोयस?"

"गिटारचा तसाच चांगला वाटतो."

"मग भोंग्याला लाव. आपोआप फाटेल." असं म्हणून त्याने परत मशीनमध्ये डोकं घातलं. म्हणजे काम घेतलं. दादाचा होकार नेहमी पाठमोरा असायचा.

आम्ही घाटकोपरला, टेकडीच्या उतारावरच्या एका चाळीत राहायचो. दोन खोल्या, त्यात दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी. आईवडील गावी, मालवणकडे. दादा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. साचे म्हणजे कापड विणायचे माग. एका छपराखाली शेकडो, सगळे एकदम धडधडणारे. मग तो मोठा संप झाला आणि दादाच्या गिरणीने त्याला परत बोलावलंच नाही. त्याला रेडिओ दुरुस्तीचा नाद लहानपणापासून होता. विक्रोळीचा एक मंडपवाला नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टर मशीनवर गेला तेव्हा त्याचं जुनं, काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्व्हचं मशीन, दोन भोंगे, दोन लांबट स्पीकर आणि काही माईक दादाने उचलले, आणि आमच्या पुढच्या खोलीत साऊंड सर्व्हिस सुरू झाली. खोलीत आधीच जागा नव्हती. ती आल्यावर भिंतही दिसेनाशी झाली.

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क होतो. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत, पूजेला, लग्नात सिनेमातली गाणी म्हणणारी आमची आठ जणांची टोळी. त्यात गिटारवाल्याला मान कमी. गायकाला हार, कीबोर्डवाल्याला टाळ्या, आणि गिटारवाल्याला 'अरे, तुझी वायर जरा बाजूला घे.' पण मला वाटायचं, एकदा माझ्या गिटारला तो आवाज आला की सगळं बदलेल. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला असं वाटणं बरं नव्हे, पण वाटायचं.

तो आवाज मी कारखान्यातल्या एका ख्रिश्चन मित्राच्या घरी कॅसेटवर ऐकला होता. एकच सूर, पण सारंगीसारखा लांबत जाणारा, मध्ये भरलेला आणि कडेला किंचित खरखरीत; एखाद्या पोक्त बाईने गाता गाता आवंढा गिळावा तसा. माझी कलकत्त्याहून आलेली जुनी गिटार ऑर्केस्ट्राच्या मशीनला लावली की टिनाच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखी वाजायची. मित्राने समजावून सांगितलं, की ती सगळी व्हॉल्व्हची करामत आहे. ट्रान्झिस्टरला ताकदीपलीकडे ढकललं की त्याचा आवाज कडकन तुटतो. व्हॉल्व्हचा तुटत नाही, आधी वाकतो. त्या वाकण्यात मजा आहे. आणि त्याला ढकलायला पायाखाली एक पेडल लागतं.

परदेशी पेडल आम्हाला बघायलाही मिळत नव्हतं. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात सर्किट सापडलं. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळाले. राहिला पत्र्याचा डबा. पत्रा नसेल तर घरघर फार येते, असं दादा म्हणाला, आणि दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराच्या फळीकडे पाहिलं.

दोन दिवसांनी वहिनींनी विचारलं, "भावोजी, माझा गरम मसाल्याचा डबा दिसत नाही."

मी पायानेच तो टेबलाखाली सरकवला. तोपर्यंत त्याला तीन भोकं पडली होती.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "वाजतं तरी का नीट?"

नीट वाजत नव्हतं. तेच तर दुखणं होतं. पेडल झालं, दादाने जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर माझ्यासाठी एक छोटं मशीन बांधलं, प्लायवूडच्या खोक्यात कागदी पडद्याचा स्पीकर बसवला. चाळीत ओरडा नको म्हणून त्या स्पीकरचं तोंड गाद्यांच्या चवडीकडे करून ठेवलं. मी तार छेडली आणि कानात दाभण गेल्यासारखं झालं. आवाज फाटलेला होता, पण मला हवा तसा नव्हे. तापलेल्या तेलात वाळू टाकावी तसा शिस्स आवाज सुराच्या डोक्यावर बसलेला.

"टोचतोय," मी म्हणालो.

दादाने डोकं हलवलं. "टोचत कसला? उलट दबलाय. गोधडीतून आल्यासारखा वाटतो." आणि त्याने ट्रेबलचं बटण आणखी पुढे फिरवलं.

ट्रेबल म्हणजे आवाजातलं वरचं, बारीक, धारदार अंग. ते बटण दादाच्या हाताखाली कायम शेवटच्या टोकाला असायचं. मी ते मागे आणायचो, तो पुढे न्यायचा. मी म्हणायचो तुझा कान बिघडलाय, तो म्हणायचा तुझा बिघडलाय, आणि आपलंच खरं असल्याची दोघांना खात्री. भावांमध्ये असे वाद शांतपणे वर्षानुवर्षं चालू शकतात, फक्त आमच्यात मध्ये एक बटण होतं.

मी दोष बाकी सगळ्याला दिला. तारा बदलल्या. व्हॉल्व्ह बदलले, चोरबाजारातून आणलेला एक व्हॉल्व्ह तर लावल्या लावल्या निळा उजेड पाडून गेला. गिटारचा पिकअप, तारांखालचा आवाज पकडणारा तुकडा, तारांपासून खाली घेतला, वर घेतला. पेडलवर दोन बटणं होती, एक फाटण्याचं आणि एक जोराचं. मी फाटण्याचं पूर्ण उघडून ठेवायचो आणि मग म्हणायचो की फार फाटतंय. मित्र सांगायचा, "उलटं कर यार. फाटायचं काम मशीनला करू दे, पेडलने फक्त धक्का द्यायचा." मला पटायचं नाही. मी चार महिने राबून बनवलेली वस्तू फक्त धक्का देणार?

मग तो रविवार आला. दुपारचे बांगडे निसत वहिनी मोरीत बसल्या होत्या, पुतणी दारात खेळत होती, आणि दादा पेडलच्या डब्यात वाकून सोल्डरचा एक डाग देत होता. पेडल मशीनला जोडलेलंच होतं. दादाच्या हाताने आतली एक वायर दुसरीला लागली असावी. एकदम शिट्टी सुरू झाली. माईक मारतो तशी नव्हे; त्याहून खूप वरची, दातांच्या मुळांत शिरणारी. पुतणीने कानांवर हात ठेवले आणि भोकाड पसरलं. शेजारून कोणीतरी भिंतीवर थापा मारल्या. मी गिटार टाकून उभा राहिलो.

दादा डागावर फुंकर घालत होता. डाग थंड झाला का बघत होता. त्याचा चेहरा अगदी निवांत.

मला आधी वाटलं, किती एकचित्त आहे. मग वहिनी मोरीतून उठून आल्या, हात ओलेच, खवले चिकटलेले. त्या ओरडल्या नाहीत. सरळ गेल्या, कोपराने त्याच्या खांद्याला स्पर्श केला, आणि त्याने वर बघताच मशीनच्या स्विचकडे मान केली. त्याने स्विच बंद केला.

"काय झालं?" दादा म्हणाला. मग आमचे चेहरे पाहून, "अच्छा, शिट्टी मारत होतं ना? वायर लागली असेल."

वहिनी परत मोरीत गेल्या. त्यांच्या त्या सगळ्या हालचालींत घाई कुठेच नव्हती. रोजचं काम करावं तसं त्यांनी ते केलं होतं.

दादा वायर आणायला खाली गेला तेव्हा मी मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

"वहिनी, दादाला ऐकू येत नाही?"

"येतं की."

"ती शिट्टी?"

त्यांनी बांगडा उलटा केला. "वरचं येत नाही. कुकरची शिट्टी येत नाही. पोरीची पैंजणं येत नाहीत. बसचा हॉर्न येतो, दाराची कडी येते, तुमचं घोरणं येतं."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हा असंच होतं. मला पहिल्यांदा वाटायचं, नवीन लग्न आहे म्हणून सारखे माझ्या तोंडाकडे बघतात." त्या हसल्या, आणि हसू लगेच आवरलं. "मग कळलं, ओठ वाचतात. साचेखात्यातले सगळेच तसे. त्या धडधडीत कोणाला कोणाचं ऐकू जाणार? सगळं तोंडाकडे आणि हाताकडे बघून. पाठमोरे असले की मी हाकच मारत नाही. जाऊन हात लावते."

"त्याला स्वतःला ठाऊक आहे?"

"मी विचारलं नाही. विचारून काय करू, भावोजी? गिरणी गेली. आता हेच आहे. साऊंडवाल्याला ऐकू येत नाही असं एकदा झालं की कोण बोलावेल?"

इतके महिने मी त्या माणसाला माझ्या गिटारचा आवाज लावायला सांगत होतो. तो त्याच्या कानाला बरोबर वाटेल असाच लावत होता. त्याच्यापर्यंत जे पोचत नव्हतं ते पोचवण्यासाठी तो बटण शेवटपर्यंत नेत होता, आणि ते आमच्या सगळ्यांच्या कानांत घुसत होतं. फक्त माझ्याच नव्हे. मागच्या गणपतीत पुढच्या रांगेतल्या बायका डोकं दुखतं म्हणून लवकर उठून गेल्या होत्या. तेव्हा मी गायिकेला दोष दिला होता.

गणपतीला आठवडा राहिला असताना आमच्या मोठ्या मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. बँकेत होते, बोलणं रोखठोक. ह्या मंडळाचे दहा दिवस दादाच्या वर्षाच्या कमाईचा कणा होते; तिथे ज्याचं मशीन, त्यालाच मग टेकडीवरची लग्नं आणि पूजा मिळायच्या.

"दादा, तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो," ते चहाचा कप हातात धरून म्हणाले. "तुमचा आवाज टोचतो हो. मागच्या वर्षी लई तक्रारी आल्या. मुलुंडचा एक जण मागे लागलाय, नवीन सेट आहे त्याच्याकडे."

"माझं मशीन व्हॉल्व्हचं आहे. तसा गोड आवाज ट्रान्झिस्टरला नाही," दादा म्हणाला.

"गोड असेल. पण टोचतो. पहिल्या दिवशी ऑर्केस्ट्रा आहे, तेव्हा मी स्वतः समोर बसतो. बरा वाटला तर दहाही दिवस तुमचे. नाही वाटला तर दुसऱ्या सकाळी तो येईल. राग मानू नका."

"राग कसला," दादा म्हणाला. ते गेल्यावर त्याने मशीन उघडलं आणि सगळे व्हॉल्व्ह काढून फडक्याने पुसले. त्यांना पुसण्यासारखं काही झालेलं नव्हतं.

मी ठरवलं, सांगायचं नाही. गुपचूप निभावून न्यायचं. असल्या बेतांत मी नेहमीच हुशार असतो. मंडपात टेस्टिंग चालू होतं. दादा भोंगा बांधायला बांबूवर चढला तेव्हा मी ट्रेबलचं बटण निम्म्यावर आणलं. तो खाली आला, माईकवर "हॅलो, हॅलो" केलं, आणि न बघता बटणाकडे हात नेला. हात तिथेच थांबला.

"हे कोणी हलवलं?"

"लागलं असेल कोणाचं."

"ह्याला असं कोणाचं लागत नाही." तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तोंड फिरवलं, आणि फिरवल्या क्षणी मला कळलं की मी काय केलं. ज्याला तुमचं तोंड बघूनच ऐकू येतं, त्याच्यासमोर तोंड फिरवणं म्हणजे सगळं सांगूनच टाकणं.

"वहिनीने सांगितलं?"

मी परत वळलो. "मी त्या रविवारी बघितलं. ती शिट्टी. पोरगी रडत होती, दादा."

"माका सगळा ऐकाक येता," तो म्हणाला. राग आला की तो गावच्या बोलीत जायचा. मंडपवाले वर बांबूंना सुतळ्या आवळत होते. शेवटी त्याने गिटारची वायर मशीनला लावली आणि मला हाताने खूण केली, वाजव.

मी एक सूर धरला. त्याने बटण हळूहळू पुढे नेलं. "बोल. काय काय येतं ते सांगत जा."

"आता भरलेला आहे. गोल."

बटण पुढे. "आता?"

"आता वर एक शिस्स आलं. बारीक. वाळूसारखं."

"मला काही फरक नाही." आणखी पुढे. "आता?"

"आता टोचतं."

त्याने डोळे मिटले, कान स्पीकरपाशी नेला आणि बटण मागेपुढे करत राहिला. आपण हरवलेली किल्ली चाचपून शोधतो तसा. मी सूर धरून उभा. मला वाटत होतं, आत्ता सापडेल. नाही सापडलं. त्याने डोळे उघडले.

"साच्यावर पंधरा वर्षं होतो," तो म्हणाला. "जाताना कामगारांना पगाराशिवाय काहीतरी देतात म्हणे. मला हे दिलं." हे त्याने हसत म्हटलं.

मग तो धंद्याचं बोलायला लागला. त्याला तेवढंच सोपं होतं. "तू स्टेजवर असशील. टोचलं की मला दाखव. साच्यात धागा तुटला की आम्ही असं करायचो." त्याने दोन बोटं एकत्र धरून झटक्यात वेगळी केली. "हे केलंस की मी ट्रेबल मागे घेतो. जॉबर येतोय त्याला असं." त्याने खांद्यावर मूठ ठेवली. जॉबर म्हणजे त्यांच्यावरचा माणूस. "सेक्रेटरी उठला तर हे कर."

पहिल्या दिवशी मंडप भरला. समोर सेक्रेटरी, हाताची घडी घालून. बायकांच्या रांगेत वहिनी, मांडीवर पुतणी. दादा स्टेजच्या डाव्या बाजूला टेबलावर मशीन घेऊन बसलेला, तोंड माझ्याकडे. माझं छोटं व्हॉल्व्हचं मशीन माझ्या पाठीशी खुर्चीवर, त्याच्यापुढे दादाचा एक माईक. मित्राचं ऐकून मी पेडलचं फाटण्याचं बटण जवळजवळ बंद ठेवलं होतं आणि जोराचं वर. माझ्या मशीनचं ट्रेबल निम्म्याच्याही खाली.

पहिली दोन गाणी बरी गेली. एकदा मी दोन बोटं झटक्यात वेगळी केली, दादाने लगेच बटण मागे घेतलं, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तिसऱ्या गाण्यात मध्ये गिटारचा तुकडा होता. मी पेडल दाबलं, तार जोरात छेडली, आणि पाठीमागून तो आला.

तोच. भरलेला, लांबणारा, कडेला जरासा फाटलेला. तार सोडली तर स्वच्छ व्हायचा, दाबली की वाकायचा. माझ्या हाताचं ऐकत होता. इतके महिने मी ज्याच्या मागे धावलो तो आवाज अखेर मसाल्याच्या डब्यातून आणि रेडिओच्या व्हॉल्व्हमधून माझ्याकडे आला होता, आणि मला वाटलं सगळ्या मंडपाला तो तसाच जातोय.

तो तसा जात नव्हता. स्टेजवरून समोरचं कळत नाही, हे ऑर्केस्ट्रातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं, मलाही होतं. माझ्या कानात फक्त माझ्या पाठीमागचं मशीन होतं. समोर भोंगे होते, आणि गायिकेचा आवाज माझ्या गिटारखाली दबतोय असं वाटून दादाने त्याच्या पद्धतीने तो वर काढला होता. म्हणजे ट्रेबल. माझ्याकडे बघत बघतच काढला होता. मी खुशीत मान डोलवत होतो. त्याने ती पसंती समजली.

मला दिसलं ते एवढंच, की बायकांच्या रांगेत एक एक पदर कानावर जातोय. सेक्रेटरी मागे वळून कोणाशी तरी बोलत होते. माझे दोन्ही हात तारांवर होते. धागा तोडायला बोटं मोकळी नव्हती.

वहिनी उठल्या. पुतणीला शेजारणीच्या मांडीवर दिलं, रांगेतून वाट काढली, आणि सगळ्यांच्या देखत स्टेजच्या बाजूने दादाच्या टेबलापाशी आल्या. दादाने वर पाहिलं. त्या कपाळाला आठी घालून उभ्या राहिल्या. दादाने बटणावर हात ठेवला आणि त्यांच्या कपाळाकडे बघत ते मागे आणायला लागला. थोडं. आणखी थोडं. आठी गेली. तो थांबला. त्या तिथेच उभ्या राहिल्या. पुढच्या गाण्यात गायक माईकच्या फार जवळ गेला, वहिनींचं कपाळ जरासं आवळलं, दादाने तेही आवरलं. त्यांना कोणी खूण शिकवली नव्हती. इतक्या वर्षांत ती दोघं घरात हेच करत होती. मला ते मंडपात दिसलं.

कार्यक्रम संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या. पदर खाली आले. माझा आवाज नंतर कसा वाजला मला आठवत नाही. मी तिकडेच बघत होतो.

लोक पांगल्यावर सेक्रेटरी टेबलापाशी आले. मी वायर गुंडाळत होतो, हळू हळू, म्हणजे सगळं ऐकू येईल अशी.

"मध्ये फार टोचलं, दादा."

"टोचलं," दादा म्हणाला.

"मग एकदम बरं झालं. काय केलंत?"

मला वाटलं, दादा आता मशीनचं काहीतरी सांगेल. व्हॉल्व्ह गरम व्हायला वेळ लागतो, असं काहीही. ते चाललं असतं. त्याने वायरचा गुंडाळा खाली ठेवला आणि सेक्रेटरींच्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाला, "मला वरचा आवाज ऐकू येत नाही. साच्याने कान गेले. टोचतं ते मला कळत नाही. हिला कळतं. हिने सांगितलं, मी कमी केलं."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"सांगू दे," दादा म्हणाला. वहिनींकडे न बघता म्हणाला. म्हणजे ते हळू म्हटलेलंही त्याला कळलं होतं, कसं ते मला अजून सांगता येत नाही.

मंडपातले दिवे एक एक करून बंद होत होते. कोणीतरी रिकाम्या खुर्च्या एकमेकींत घालत होतं, त्यांचा खडखडाट चालला होता. सेक्रेटरींनी दादाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"उद्या भजन आहे," ते म्हणाले. "उद्या वहिनी येणार आहेत का?"

दादाने वहिनींकडे पाहिलं.

"मला त्यातलं काही कळत नाही हं," वहिनी म्हणाल्या. "आणि पोरीला कोण बघणार?"

"भावोजी बघतील," दादा म्हणाला.

"उद्या माझी प्रॅक्टिस आहे," मी म्हणालो. तिघांपैकी कोणीही मला उत्तर दिलं नाही.

"येईन," वहिनी म्हणाल्या. "पण सातच्या आत नाही. पोळ्या व्हायच्या असतात."

"मग ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मुलुंडवाल्याला कळवतो, नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पुतणीला कडेवर घेऊन मंडपात गेलो. दादाने मशीनच्या टेबलासमोर एक खुर्ची ठेवली होती. वहिनी बसल्या तेव्हा त्याला त्यांचा चेहरा नीट दिसेना. खांबाची सावली पडत होती. त्याने खुर्ची जराशी सरकवली, मग आणखी सरकवली, आणि शेवटी बाजूच्या मुलाला सांगून ट्यूबलाईटच त्यांच्याकडे फिरवून घेतली. चार माणसं बघत होती. वहिनी ओशाळून मान खाली घालायला लागल्या.

"मान वर," दादा म्हणाला, आणि माईकवर हॅलो, हॅलो करायला लागला.